नाळेचं रक्त, चौदा दिवस आणि ठिपके मोजणारा कॅमेरा

३० नोव्हेंबर २०२३ रोजी सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने एक निवेदन काढलं आणि तिथल्या हजारो आईवडिलांची झोप उडाली. कॉर्डलाइफ या खासगी बँकेत बाळांच्या नाळेतलं रक्त द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांमध्ये गोठवून ठेवलं जातं. तिथल्या २२ टाक्यांपैकी ७ टाक्यांचं तापमान उणे १५० अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडून वर गेल्याचं तपासणीत आढळलं होतं. एका टाकीतल्या सुमारे २,२०० पिशव्या खराब झाल्याचं लगेच जाहीर झालं. बाकीच्या टाक्यांबद्दल मात्र असं एका फटक्यात सांगता आलं नाही. नमुने काढून तपासण्या कराव्या लागल्या, आणि पालक वाट बघत बसले.

अशी बातमी वाचताना मनात साधा प्रश्न येतो. पिशवी हातात आहे, लॅब शेजारी आहे, तर रक्त चांगलं आहे की वाया गेलं हे सांगायला इतका वेळ का लागावा? सगळ्यांत भरवशाची जी तपासणी आहे, तिला दोन आठवडे लागतात आणि शेवटी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठिपके मोजावे लागतात, हे त्यामागचं एक कारण. ते मोजण्याचं काम आता कॅमेरा आणि संगणकाकडे जाऊ लागलं आहे. वरवर पाहता हा लॅबचा अंतर्गत मामला वाटतो. पण पिशवीवर जो आकडा छापला जातो, त्याच्यावर कितपत विसंबायचं हा प्रश्न तिथेच अडकलेला आहे.

नाळेच्या रक्तात एवढं काय असतं?

आपल्या हाडांच्या मगजात काही मोजक्या पेशी अशा असतात, की ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या जातीच्या पेशी तयार होतात: लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. त्यांना रक्ताच्या मूळपेशी म्हणतात. बँकांच्या जाहिरातीत ‘स्टेम सेल’ म्हणतात त्या याच. मूल जन्मतं त्या वेळी नाळेत आणि वारेत उरलेल्या रक्तातही त्या बऱ्यापैकी संख्येने असतात. पूर्वी हे रक्त वारेबरोबर फेकून दिलं जायचं.

ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. त्याला फँकोनी ॲनिमिया होता, म्हणजे मगज हळूहळू निकामी होत जाणारा आनुवंशिक आजार. नाळेच्या रक्ताचं हे जगातलं पहिलं प्रत्यारोपण, आणि ते यशस्वी झालं. रक्त गोठवण्याचं काम अमेरिकेत इंडियानापोलिसला हॅल ब्रॉक्समायर यांच्या लॅबमध्ये झालं होतं. एका नाळेतल्या मूठभर पेशी एका मुलाला पुरतील, असं त्यांनी कशाच्या बळावर म्हटलं? त्यांनी अनेक नाळांमधल्या रक्ताच्या पेशी डिशमध्ये वाढवून ठिपके मोजले होते. या उपचाराचं दार उघडलं तेच मुळी या मोजणीमुळे.

पुढे न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये सार्वजनिक बँक उभी राहिली, परक्या माणसालाही नाळेचं रक्त देता येतं हे सिद्ध झालं आणि जगभर बँका निघाल्या. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात प्रतिकारशक्ती नसणं, अशा आजारांसाठी हे रक्त वापरलं गेलं.

पिशवीत किती माल आहे, हे तरी कळतं का?

कळतं, पण निरनिराळ्या पद्धतींनी, आणि प्रत्येक पद्धत वेगळंच काहीतरी मोजते. गोंधळ होतो तो इथे.

सगळ्यांत सोपी मोजणी म्हणजे केंद्रक असलेल्या एकूण पेशी. यंत्रात थोडं रक्त घातलं की काही मिनिटांत आकडा मिळतो. डॉक्टर पिशवी निवडताना आधी तोच बघतात. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या, मार्गदर्शनानुसार रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी पेशी लागतात. वीस किलोच्या मुलाला पन्नास कोटी झाल्या, साठ किलोच्या मोठ्या माणसाला दीडशे कोटी. पुष्कळ पिशव्यांत तेवढ्या नसतात. म्हणूनच हे उपचार मुलांमध्ये जास्त रुळले आणि मोठ्यांसाठी दोन बाळांच्या पिशव्या एकत्र देण्याची पद्धत निघाली. पण या कोट्यवधींतल्या बहुतेक पेशी साध्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचा प्रत्यारोपणात फारसा उपयोग नसतो.

दुसरी मोजणी सीडी३४ या खुणेची. मूळपेशींच्या आणि त्यांच्या अगदी जवळच्या वंशजांच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असतं. त्याला चिकटणारा चमकणारा रंग लावून, लेझरसमोरून एकेक पेशी सोडून ती मोजली जाते. काही तासांत काम होतं. सोबत आणखी एक रंग वापरतात, जो फाटक्या आवरणाच्या मेलेल्या पेशींतच शिरतो. त्यामुळे जिवंत किती, मेलेल्या किती हेही समजतं.

तिसरी मोजणी म्हणजे आपल्या लेखाचा विषय: पेशी वाढतात का, हे वाढवूनच बघणं.

हा फरक शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. दरवर्षी खरिपाच्या तोंडावर कृषी विभाग सांगत असतो, की घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आधी उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभरात किती उगवले ते मोजायचं. सत्तर उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. पोत्याचं वजन करून हे कळत नाही, दाणा टपोरा दिसतो यावरूनही कळत नाही. एकूण पेशींचा आकडा म्हणजे पोत्याचं वजन, सीडी३४ म्हणजे दाणा पारखणं आणि जिची आपण आता चर्चा करणार आहोत ती उगवण चाचणी.

गोणपाटाऐवजी काय वापरतात?

पेशी वाढवायला मिथाइलसेल्युलोज नावाचा पारदर्शक, अतिशय दाट द्रव वापरतात. इतका दाट, की साध्या पिपेटने नीट ओढता येत नाही. सिरिंजला जाड आणि बोथट सुई लावून काढावा लागतो. त्यात पेशींना लागणारं पोषण आणि वाढीचे इशारे देणारी प्रथिनं मिसळलेली असतात. मोजून घेतलेल्या पेशी त्यात घालून जोरात ढवळायच्या, बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं आणि ३५ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या डिशमध्ये एक मिलिलिटरहून थोडा जास्त द्रव सोडायचा. अशा दोन डिश एका मोठ्या डिशमध्ये ठेवतात आणि शेजारी तिसऱ्या उघड्या डिशमध्ये नुसतं पाणी ठेवतात, कारण दोन आठवड्यांत माध्यम सुकलं तर सगळी मेहनत पाण्यात. मग ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर दमटपणा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये त्या ठेवून द्यायच्या आणि शक्यतो हलवायच्या नाहीत.

दाट द्रवच का, तर त्यात पेशी फार हलू शकत नाहीत. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी ते सगळं कुटुंब एकाच जागी राहतं. चौदाव्या दिवशी जिथे पुंजका दिसतो, तिथे पहिल्या दिवशी एकच पेशी होती असं धरता येतं. अशा पुंजक्याला कॉलनी म्हणतात, आणि कॉलनी उभी करू शकणाऱ्या मूळच्या एका पेशीला सीएफयू. यापुढे मी हे दोनच शब्द वापरतो.

डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की तिच्यात काय काय दिसतं हे बघण्यासारखं आहे. लाल पेशी बनवणाऱ्या कॉलनी चक्क तांबूस दिसतात, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन तयार झालेलं असतं; बारीक दाण्यांचे घट्ट घोस एकमेकांना चिकटून बसलेले. पांढऱ्या पेशींच्या कॉलनी रंगहीन असतात, मध्ये जरा दाट आणि कडेला विरळ होत गेलेल्या, इतक्या की कॉलनी कुठे संपली हे ठरवताना डोळे ताणावे लागतात. काही मोजक्या कॉलनी मोठ्या आणि मिश्र असतात, लाल आणि रंगहीन दोन्ही पेशी असलेल्या. त्यांची सुरुवात जास्त मुळाकडच्या पेशीपासून झालेली असते, म्हणून त्या सापडल्या की मोजणाऱ्याला बरं वाटतं. शिवाय सगळ्या कॉलनी एका पातळीवर नसतात. द्रवाच्या जाडीत कुणी वर, कुणी खाली. फोकस खालीवर करत, डिशच्या तळाशी आखलेल्या चौकटी एकेक ओलांडत जावं लागतं. काठाशी द्रव चढलेला असतो, तिथे प्रकाश वाकतो आणि तिथल्या कॉलनी हमखास नजरेतून सुटतात किंवा दोनदा मोजल्या जातात.

दोघांनी मोजलं तर आकडा एकच येतो का?

नाही. आणि यात कुणाच्या कामचुकारपणाचा संबंध नाही. दोन पुंजके चिकटलेले असतील तर ती एक मोठी कॉलनी की दोन शेजारच्या? साधारण चाळीस-पन्नास पेशींच्या खालचा पुंजका कॉलनी म्हणून धरायचा नाही असा दंडक आहे, पण पेशी एकेक करून कोण मोजतो? अंदाजच असतो. सकाळची पहिली डिश आणि जेवणानंतरची विसावी डिश यांच्याकडे बघणारे डोळे तेच असले, तरी त्यांची तयारी तीच नसते. वेगवेगळ्या लॅबना एकाच रक्ताचे नमुने पाठवून घेतलेल्या तुलनांमध्ये आकडे चांगलेच विखुरलेले आढळतात, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

चुकीची किंमत किती, हे एका कल्पित उदाहरणावरून बघू. पिशवीत ६० कोटी पेशी आहेत. त्यातल्या २०,००० पेशी डिशमध्ये टाकल्या आणि ६० कॉलनी आल्या. म्हणजे पिशवीत एकूण १८ लाख सीएफयू. आता दुसऱ्या तंत्रज्ञाने त्याच डिशमध्ये ४५ मोजल्या, तर आकडा साडेतेरा लाखांवर येतो. डिशमधली एक कॉलनी म्हणजे पिशवीतले ३०,००० सीएफयू. काठाशी सुटलेल्या पंधरा ठिपक्यांनी साडेचार लाखांचा फरक पाडला, आणि पिशवी ‘उत्तम’वरून ‘बरी’वर घसरली.

मानकांकडे पाहिलं की या गोष्टीचा परिणाम दिसतो. नाळेच्या रक्तासाठी जगभर मानली जाणारी नेटकॉर्ड-फॅक्ट ही मानकं एकूण पेशींसाठी आकडा देतात, जिवंत पेशींच्या टक्केवारीसाठी आकडा देतात. सीएफयूच्या रकान्यात मात्र ‘वाढ दिसली पाहिजे’ एवढंच म्हणतात, किंवा तिच्या तोडीची दुसरी सिद्ध चाचणी चालेल म्हणतात. किती वाढ, याला आकडा नाही. माझ्या मते यामागचं मोठं कारण हेच, की एका लॅबचे १८ लाख आणि दुसऱ्या लॅबचे १८ लाख एकच आहेत असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नव्हतं. जी चाचणी सगळ्यांत खरं बोलते, तिचाच आकडा सगळ्यांत कमी वापरता येतो, अशी ही पंचाईत.

आणि ती खरं बोलते याला आधार आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथे झालेल्या ४३५ प्रत्यारोपणांची माहिती तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. नवं रक्त रुग्णाच्या शरीरात किती लवकर रुजेल याचा चांगला अंदाज रक्त वितळवल्यानंतर मोजलेल्या सीएफयूवरून आला. रुजायला उशीर म्हणजे रुग्णाचे इतके जास्त दिवस प्रतिकारशक्तीविना, जंतुसंसर्गाच्या टांगत्या तलवारीखाली. नाळेचं रक्त मुळातच रुजायला वेळ लावतं, त्यामुळे इथे एकेक दिवस मोलाचा असतो.

कॅमेरा नेमकं काय करतो?

डिश एका बंद खोक्यात ठेवली जाते. आतला प्रकाश कायम तोच, कॅमेऱ्याचं अंतर कायम तेच. पूर्ण डिशचं बारीक तपशिलाचं छायाचित्र निघतं. सॉफ्टवेअर आधी डिशची कड ओळखतं, मग पार्श्वभूमीपेक्षा वेगळे दिसणारे ठिपके शोधतं, त्यांचा आकार, दाटपणा आणि रंग मोजतं. लाल छटा असेल तर लाल पेशींची कॉलनी, रंगहीन आणि कडेला पसरलेली असेल तर पांढऱ्यांची, दोन्ही एकत्र असेल तर मिश्र. बुडबुडा, धूळ, कापसाचा तंतू यांना वगळायचं. चिकटलेल्या कॉलनींची फोड कुठे करायची याचे नियम ठरलेले असतात. अलीकडे माणसांनी खुणा केलेली हजारो छायाचित्रं दाखवून संगणकालाच हे शिकवण्याची पद्धत वाढली आहे.

या कामाचं सगळ्यांत माहितीतलं यंत्र म्हणजे कॅनडात व्हँकुव्हरच्या स्टेमसेल टेक्नॉलॉजीज कंपनीचं स्टेमव्हिजन. काठाची अडचण त्यांनी सॉफ्टवेअरने सोडवली नाही. त्यांनी द्रव काठावर चढणारच नाही अशी वेगळी प्लेट बनवली. मला हे फार आवडलं. मोजणाऱ्याला हुशार करण्याआधी मोजायची वस्तूच सरळ करून घेतली. याच यंत्रावर सातव्या दिवशी मोजण्याची पद्धतही आहे. सातव्या दिवशी कॉलनी लहान असतात, डोळ्यांना त्रास देतात, पण छायाचित्रात पकडता येतात. जाती नीट ओळखू येत नाहीत, एकूण आकडा मिळतो, आणि एक आठवडा वाचतो.

यात एक मेख आहे. माध्यम त्याच कंपनीचं, प्लेट त्याच कंपनीची, यंत्रही त्याच कंपनीचं, आणि सॉफ्टवेअर बसवलेलं आहे ते त्यांच्याच माध्यमातल्या कॉलनींवर. लॅबने उद्या माध्यम बदललं तर यंत्राचा डोळा तसाच विश्वासाचा राहील असं धरता येत नाही, पुन्हा सगळं पडताळावं लागतं. सोय आहे, पण एकदा त्या दारातून आत गेलं की बाहेर पडणं महाग जातं.

यंत्र माणसापेक्षा जास्त अचूक असतं?

या प्रश्नातच घोळ आहे, कारण अचूक कशाच्या तुलनेत? खरा आकडा सांगणारी तिसरी कोणतीही व्यक्ती इथे नाही. यंत्राची परीक्षा घेतली जाते ती कसलेल्या माणसांच्या मोजणीशी ताडूनच. म्हणजे गुरू चुकत असेल तर शिष्यही त्याच दिशेने चुकणार. एक परीक्षा मात्र माणसाशिवाय घेता येते: पेशी निम्म्या केल्या तर आकडा निम्मा येतो का, चौथाई केल्या तर चौथाई येतो का, हे बघायचं. चांगलं यंत्र यात उत्तीर्ण होतं, निदान डिशमध्ये गर्दी होईपर्यंत. कॉलनी फार झाल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि माणूस काय, यंत्र काय, दोघेही कमीच मोजतात. म्हणून डिशमध्ये अंदाजे पंचवीस ते सव्वाशे कॉलनी याव्यात अशा बेताने पेशी टाकतात.

यंत्राचा खरा फायदा दुसराच आहे. ते थकत नाही, आणि तीच डिश पुन्हा दाखवली तर जवळपास तोच आकडा देतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छायाचित्र उरतं. माणसाने मोजलेल्या डिशचा पुरावा म्हणजे वहीतला एक आकडा. डिश त्या दिवशी कचऱ्यात जाते. पाच वर्षांनी कुणी विचारलं, की या ६० कॉलनी खरंच होत्या का, तर दाखवायला काही नसतं. छायाचित्र असेल तर दुसरा तज्ज्ञ दुसऱ्या देशात बसून पुन्हा मोजू शकतो, नव्या सॉफ्टवेअरने जुनी छायाचित्रं परत तपासता येतात. उणे १९६ अंशांत दशकानुदशकं ठेवायच्या वस्तूला अशी जुनी नोंद लागतेच. ब्रॉक्समायर यांच्या गटाने २७ वर्षं गोठवलेलं नाळेचं रक्त वितळवून त्यातल्या पेशी काम करतात हे दाखवलं आहे. इतक्या वर्षांत ते मोजणारे तंत्रज्ञ निवृत्त झालेले असतात.

मग यंत्र आलं की आकडा पक्का झाला?

तेही नाही, आणि इथे थोडं गणित करावं लागेल. गोणपाटात शंभर दाणे ठेवताना आपण पोत्यातले कुठले शंभर उचलले यावर निकाल थोडा हलतोच. डिशचंही तसंच. पिशवीतून घेतलेल्या थेंबात योगायोगाने थोडे जास्त किंवा थोडे कमी सीएफयू येतात. एकाच नमुन्याच्या खूप डिश लावल्या आणि त्यांची सरासरी ५० असली, तर साधारण तीनांतल्या दोन डिशमध्ये आकडा ४३ ते ५७ च्या दरम्यान येईल आणि तिसरीत त्याच्याही बाहेर जाईल. मोजणारा देव असला तरी हा फरक जाणार नाही. ५० आणि ५७ यांवरून दोन पिशव्यांमध्ये चढउतार लावणारा अहवाल म्हणजे शुद्ध भाबडेपणा आहे.

यावरचा उपाय एकच, जास्त डिश लावणं. दोन डिश मिळून शंभर कॉलनी मोजल्या तर हा योगायोगाचा हिस्सा दहा टक्क्यांवर येतो, चार डिश मिळून दोनशे मोजल्या तर सात टक्क्यांवर. हाताने मोजायचं असेल तर चार डिश म्हणजे दुप्पट श्रम, कुणी करत नाही. यंत्राला दोन काय आणि चार काय. मोजणी स्वस्त झाली की जास्त मोजता येतं, हा फायदा यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ठळक दिसायला हवा होता.

तंत्रज्ञांच्या नोकरीची काळजी असेल, तर पेशी वितळवणं, पेशी मोजून पेरणं, माध्यम नीट मिसळणं ही सगळी कामं हातांचीच आहेत, आणि आकडा बिघडतो तो बहुतेकदा तिथेच. पेरतानाच वीस हजारांऐवजी पंधरा हजार पेशी पडल्या असतील, तर कॅमेरा अगदी निर्दोषपणे चुकीचा आकडा देईल.

सीडी३४ काही तासांत कळतं, तर ही कटकट हवीच कशाला?

हा आक्षेप वजनदार आहे. प्रत्यारोपणाची तारीख ठरलेली असताना चौदा दिवस थांबणं दर वेळी शक्य नसतं, म्हणून पिशवी सोडताना सीडी३४ वर बरीच भिस्त ठेवली जाते. पण गोठवणं आणि वितळवणं हा पेशींवर मोठा आघात असतो. वितळल्यानंतर काही पेशींचं आवरण शाबूत असतं, पृष्ठभागावर सीडी३४ असतं, मेलेल्या पेशींचा रंग आत शिरत नाही. तरीही त्या आतून मरणाच्या वाटेला लागलेल्या असतात. लेझरसमोर त्या जिवंत ठरतात, डिशमध्ये कॉलनी उभी करत नाहीत. सिंगापूरसारख्या प्रकरणात, जिथे तापमान चढलं पण पिशवी पूर्ण वितळली नाही, तिथे नेमकी अशाच पेशींची भीती असते.

दोन्हींचा सुवर्णमध्य शोधायचे प्रयत्न चालू आहेत. मूळपेशींमध्ये भरपूर असणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम रंगाने मोजणारी चाचणी ड्यूकच्या गटानेच पुढे आणली. ती त्याच दिवशी उत्तर देते. पण तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवतानाही शेवटी सीएफयूशीच ताडून बघतात.

पूर्ण पिशवी न वितळवता हे तपासता येतं का, असंही विचारलं जातं. येतं. पिशवीला जोडलेल्या नळीचे बंद केलेले छोटे तुकडे त्याच रक्ताने भरून सोबतच गोठवलेले असतात. त्यातला एक कापून तपासायचा, पिशवीला हात लावायचा नाही. तुकड्यात रक्त थोडंसंच असतं, त्यामुळे त्यातली एकही डिश वाया जाऊन चालत नाही.

कॉलनी करणारी पेशी म्हणजेच मूळपेशी का?

बहुतेकदा नाही. टोरोंटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना मगजाच्या पेशी टोचल्या, तेव्हा उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. एकेक गाठ एकेका पेशीपासून. कॉलनी मोजण्याची कल्पना तिथून आली. डिशमधली पद्धत त्यानंतर काही वर्षांत इस्रायल आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी स्वतंत्रपणे शोधली. पण डिशमध्ये दोन आठवड्यांत कॉलनी करणाऱ्या पेशी या मूळपेशींच्या एकदोन पिढ्या पुढच्या असतात. आयुष्यभर रक्त पुरवणारी खरी मूळपेशी तपासायची तर आजही खास जातीच्या उंदरांत टोचून महिनोन्‌महिने थांबावं लागतं. बँकेला ते परवडणार नाही. म्हणजे सीएफयू हाही अप्रत्यक्षच पुरावा, फक्त उपलब्ध पुराव्यांत माणसाच्या अनुभवाशी चांगला जुळलेला.

आपल्याकडे याचा काय संबंध?

आपल्याकडे प्रसूतिगृहात नाव नोंदवलं, की नाळ साठवण्याच्या कंपनीचा फोन येतोच. इथे आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. बाळाचं रक्त पुढे त्याच बाळाला उपयोगी पडेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, स्पष्टपणे सांगत आलेली आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या बाळाच्या नाळेतही तोच सदोष जनुक असतो, ते रक्त त्याला परत देऊन काय साधणार? घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल आणि धाकट्याची नाळ जुळत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेलच्या जिल्ह्यांतल्या कुटुंबांसाठी हा मुद्दा कागदावरचा नाही, जरी आज असं प्रत्यारोपण बहुतेकदा भावंडाच्या मगजातून किंवा अर्ध्या जुळणाऱ्या आईवडिलांकडूनच होत असलं तरी.

ज्यांनी पैसे भरून पिशवी ठेवलीच आहे, त्यांनी कागद काढून बघावेत. एकूण पेशी आणि जिवंत पेशींची टक्केवारी बहुधा असेल, सीडी३४ असेल. सीएफयू आहे का? असेल तर तो गोठवण्याआधीचा की वितळवलेल्या तुकड्यावरचा, किती डिश लावल्या होत्या, आणि डिशची छायाचित्रं ठेवली आहेत का, हे ईमेलने लेखी विचारता येतं. पिशवीला तपासणीसाठीचे तुकडे जोडलेले आहेत का आणि त्यातले किती शिल्लक आहेत, हेही. फोनवर गोड बोलून वेळ मारून नेली, तर पुढच्या वर्षीचं साठवणुकीचं शुल्क भरण्याआधी पुन्हा विचारावं.